भोंग्याचा झोल

ईश्वरप्पा कलशेट्टीचा कान इतका तिखट होता की सोलापूरच्या नव्या पेठेतून जाणाऱ्या सायकलची घंटी कुठल्या सुरात वाजली, हे तो दुकानाच्या गादीवर बसल्या जागेवरून सांगायचा. हे त्याचं सुख नव्हतं, दुखणं होतं. आई सुंदरम्मा देवापुढे आरतीला उभी राहिली की हा परसात निघून जायचा, कारण हातातली घंटा एका पट्टीत आणि आई दुसरीत. वरातीचा बँड जवळ आला की याच्या दाढा शिवशिवायच्या. वडील शिवप्पा म्हणायचे, "कापूस द्या रे ह्याला कुणीतरी. न्हायतर लग्नात नवरा म्हणून बसायचा आणि वाजंत्र्यांशीच भांडायचा."

शिवप्पांचं नव्या पेठेत खणांचं आणि लुगड्यांचं दुकान होतं. एकुलता मुलगा बीकॉम होऊन गादीवर बसेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ईश्वरप्पा बीकॉम झाला, गादीवरही बसला, पण मधल्या काळात कॉलेजातल्या एका मित्राच्या रेडिओवर त्याने विलायती रॉक ऐकलं होतं, आणि पुण्याहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. ती माडीवर वाजायला लागली तेव्हा खाली लुगडं बघत बसलेल्या बाईने विचारलं, "वर पत्रा बसवायलाय का?" शिवप्पा "व्हय" म्हणाले. खरं सांगायची त्यांना लाज वाटली.

ईश्वरप्पाला दोन जोडीदार मिळाले. एक येडू. हा तेलुगू विणकराचा मुलगा, यंत्रमागाच्या खडखडाटातच वाढलेला, त्यामुळे शांतता असली की त्याला झोप लागत नसे. तो ड्रम वाजवायचा. त्याच्या नावावरून मराठी पोरं त्याला हसायची, आणि तो त्यांच्याकडे बघून त्यांच्याहून मोठ्यानं हसायचा, त्यामुळे तो खरंच येडा आहे की काय, अशी त्यांना शंका यायची. दुसरा सिदू. हा जवळच्या कुंभारी गावचा, मिलमध्ये वायरमन, दिवसभरात मोजकं बोलणारा. मांडववाल्याच्या मोडक्या कर्ण्याचं सामान जोडून त्याने तिघांसाठी अँप्लिफायर बनवला होता. तो जाड तारांची बेस गिटार वाजवायचा. सरावाला वेळ मिळायचा तो रात्रीच, म्हणून ग्रुपचं नाव ठेवलं होतं 'थर्ड शिफ्ट'. नाव ऐकून लोक विचारायचे, "कुठल्या मिलमधले?"

गाणी ईश्वरप्पाच लिहायचा आणि बांधायचा, मराठीत. सगळी रागाची. एक मालकावर, एक रेशनच्या रांगेवर, एक न सांगता निघून गेलेल्या मुलीवर, जिच्याशी तो मुळात कधी बोललाच नव्हता. सगळ्यांत लाडकं गाणं होतं 'भोंगा':

भोंगा झाला, ऊठ रे गड्या,
झोप तुझी रे कुणी पळवली?

हे गाणं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये म्हटलं तेव्हा पहिल्या रांगेतले प्राध्यापक उठून गेले आणि शेवटच्या रांगेतून केळ्याची सालं आली. एका लग्नात बोलावणं आलं, तिथं मुलीच्या मामाने सिनेमातलं गाणं वाजवा म्हणून सांगितलं. ईश्वरप्पा म्हणाला, "आम्ही दुसऱ्याचं वाजवत नाही." मामा म्हणाला, "मग दुसऱ्याचं जेवताय कशाला?" तिघे पंगतीतून उठून आले. येडूने मात्र उठताना जिलबी खिशात घातली होती.

असं सगळं चाललं असताना पुण्याच्या एका स्पर्धेत त्यांना तिसरं बक्षीस मिळालं, आणि तिथं बसलेल्या वासवानी नावाच्या माणसाने त्यांना गाठलं. वासवानीने मुंबईत नुकतीच रेकॉर्ड कंपनी काढली होती. नामांकित गवई त्याला भीक घालत नव्हते, म्हणून तो बिननामांकित शोधत हिंडत होता. तो म्हणाला, "तुमची लाँग प्ले काढू. दोन्ही बाजू तुमच्या." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लाँग प्ले म्हणजे मोठी तबकडी, मोठ्या लोकांची. सिदू म्हणाला, "हां." त्याच्या मानाने ते भाषण झालं.

मुंबईच्या स्टुडिओत ईश्वरप्पाने सगळ्यांचा जीव काढला. खिशात स्वरकाटा ठेवलेला. प्रत्येक गाण्याआधी तो गुडघ्यावर आपटून कानाला लावायचा. सिदूची तार केसभर उतरली की गाणं थांबवायचा. स्वतःचा सूर केसभर चढला की स्वतःलाच शिव्या घालून पुन्हा सुरू करायचा. रेकॉर्डिंग करणारा म्हातारा शेवटी काचेपलीकडून हात जोडून म्हणाला, "बाबा, मी मोठमोठ्या उस्तादांचं केलंय. त्यांना एवढं लागत नाही."

"म्हणूनच," ईश्वरप्पा म्हणाला.

पण गाणी झाली ती खरंच नेमकी झाली. शेवटचं 'भोंगा' काचेपलीकडून ऐकवलं तेव्हा ईश्वरप्पाने डोळे मिटले, आणि त्याला वाटलं, जगात एक तरी गोष्ट आता सुरात आहे.

तबकड्यांचं पार्सल सोलापूरला आलं तेव्हा तिघांपैकी कुणाकडेच ग्रामोफोन नव्हता. तो होता अण्णारावांच्या हॉटेलात. नव्या पेठेच्या कोपऱ्यावर अण्णारावांचं चहा-भजीचं हॉटेल. दारावर कर्णा लावलेला, सकाळी भक्तिगीतं आणि दुपारपासून सिनेमाची. शिवप्पांच्या दुकानातून ते समोरच दिसायचं. तिघे खोकं घेऊन तिथं गेले. अण्णारावांनी धोतराच्या सोग्याने तबकडी पुसली, वर लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, "थर्ड शिफ्ट, भोंगा," आणि सुई ठेवली.

गिटार सुरू झाली. सुरू झाली आणि जराशी वर गेली. मग जराशी खाली आली. मग पुन्हा वर. ईश्वरप्पाचा आवाज आला, "भोंऽऽगा झाऽऽला," आणि तोही गिटारीबरोबर वर चढला, खाली उतरला, पुन्हा चढला. जत्रेतल्या पाळण्यात बसून कुणी गावं तसं.

ईश्वरप्पाच्या हातातला चहा बशीत सांडला. "अण्णा, तुमचं मशीन बिघडलंय."

अण्णारावांनी ते उचलून सिनेमाचं गाणं लावलं. सरळ वाजलं. पुन्हा यांचं लावलं. पुन्हा पाळणा. खोक्यातली दुसरी तबकडी लावली, तिसरी लावली. सगळ्या पाळण्यात.

सिदूने तबकडी हातात घेतली, बोटावर धरून फिरवली आणि एका डोळ्याने बघितली. "भोक सरकलंय," तो म्हणाला. तबकडीचं मधलं भोक एका बाजूला अगदी थोडं, नखाच्या जाडीएवढं सरकून पडलं होतं. त्यामुळे तबकडी फिरताना झोल खात होती, आणि तिच्याबरोबर सूरही.

ईश्वरप्पा खाली बसला. चूक त्याच्या गळ्यातली असती तर त्याने गळा कापून घेतला असता. ही चूक त्याच्यापासून शेकडो मैल लांब, कुठल्यातरी कारखान्यातल्या मशीनने केली होती, आणि ती त्याच्या तोंडून बाहेर पडत होती, तीही भर पेठेत कर्ण्यावरून.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावर भजी खात असलेल्या हमालाने मान वर केली. "ओ अण्णा, का थांबवलं? चांगलं लागलंवतं की."

"कुठलं?" अण्णारावांनी विचारलं.

"ते भोंग्याचं. मिलचा भोंगा कसा लांबून येतोय, वाऱ्यावर वर-खाली होत, तसंच म्हणतंय बघा ते."

अण्णारावांनी ईश्वरप्पाकडे बघितलं नाही. सुई ठेवली. हमाल डोलायला लागला. त्याच्या शेजारचा डोलायला लागला. भजी तळणाऱ्याचा झारा कढईवर त्याच चालीत हलायला लागला. येडूही डोलत होता. ईश्वरप्पाने बघितल्यावर तो थांबला आणि मान चुकीच्या बाजूला अडकल्यासारखी धरून बसला.

मुंबईला ट्रंक कॉल लावला. वासवानी पलीकडून ओरडत होता, कारण ट्रंक कॉलवर ओरडावंच लागे.

"भोक थोडं इकडे-तिकडे झालं, मला कळलं आहे. सगळा माल तसाच आला. कारखाना म्हणतो, एवढं बारीक कोणाला कळतं?"

"मला कळतं," ईश्वरप्पा ओरडला.

"तुम्ही विकत घेणार आहात का? मग झालं. आणि फारच वाटलं तर कानस घ्या, भोक घासून मोठं करा, मग तबकडी हाताने मध्यावर आणून लावा."

हे शेवटचं तो चेष्टेने बोलला होता. ईश्वरप्पाने ते मनावर घेतलं. पेठेतल्या लोहाराकडून गोल कानस आणली आणि दुकानात गादीवर बसून तो एकेका तबकडीचं भोक घासायला लागला. गिऱ्हाईक आलं की तबकडी खणांच्या गठ्ठ्याखाली सरकवायचा. काळा भुगा शुभ्र गादीवर सांडायचा.

"काय करतोयस?" शिवप्पांनी विचारलं.

"दुरुस्त करतोय, अप्पा."

"कुणी मोडलं म्हणून आणून दिलंय का?"

"न्हाय."

"मग?"

ईश्वरप्पाने कानशीवरचा भुगा फुंकला. तो घासत राहिला.

पहिली दुरुस्त तबकडी घेऊन तो अण्णारावांकडे गेला. जीव मुठीत धरून स्वतःच्या हाताने ती मध्यावर आणली, सुई ठेवली. आणि खरंच, 'भोंगा' सरळ वाजला. तारेवरून चालावं तसा. ईश्वरप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसून त्याने मागे वळून बघितलं, तर बाकावरची माणसं एकमेकांकडे बघत होती.

"ह्ये काय लावलंय?" हमाल म्हणाला.

"भोंगाच आहे," ईश्वरप्पा म्हणाला. "तो चुकीचा होता. हा खरा."

"ह्यात जीव न्हाय, मालक. सपाट लागतंय."

"सपाट नाही, ते बरोबर आहे."

"बरोबर आसंल की. पण मजा न्हाय." हमालाने चहाचे पैसे ठेवले आणि तो उठला. त्याच्यामागे आणखी दोघे उठले. अण्णाराव गल्ल्यावरून उठून हलकेच जवळ आले आणि म्हणाले, "ईशप्पा, तू मला पोरासारखा हायस. पण दुपारच्या टायमाला गिऱ्हाईक उठवू नको बाबा." आणि त्यांनी जुनी लावली.

मग ते गाणं ईश्वरप्पाच्या हातात राहिलं नाही. मिलमधून सुटलेली माणसं अण्णारावांकडे थांबायला लागली. पानवाल्यांनी आणलं, सलूनवाल्यांनी आणलं. सलूनमध्ये लोक दाढी करताना डोलायचे आणि कापून घ्यायचे. कुंभारीत सिदूच्या घरी बायका येऊन त्याच्या आईला म्हणायच्या, "तुमच्या सिदूला ते झुलणारं गाणं वाजवायला सांगा, पोरगं निजंना झालंय." मालकाच्या नरडीवर पाय देणारं गाणं, ते पोरं निजवायला चाललं होतं. वासवानीकडून आणखी माल आला, त्याच सरकलेल्या भोकाचा. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात कुणी समीक्षकाने लिहिलं, की सोलापूरच्या या तरुणाने सुराला यंत्रयुगाच्या भोवळीचं रूप दिलं आहे. येडूने तो कागद ड्रमवर चिकटवला. ईश्वरप्पाने तो फाडला.

दुकानात तर कहरच झाला. चोळीचे खण घ्यायला आलेल्या बायका गाणं कुठं मिळतं विचारायला लागल्या, आणि शिवप्पांनी, ज्यांनी आजवर या गाण्याला पत्र्यावरच्या गारा म्हटलं होतं, त्यांनी एक फळी रिकामी करून तबकड्या मांडल्या. ईश्वरप्पाने कानशीने घासलेल्याही मांडल्या. गिऱ्हाइकाला ते लुगडं दाखवल्याच्या सुरात विचारायचे, "कुठलं दाखवू, घोळाचं का सपाट?"

"घोळाचं."

"सपाट पण बघून घ्या. पोराच्या हातचं काम हाय."

"नको, घोळाचंच द्या."

शिवप्पा मुलाकडे वळून कानडीत म्हणायचे, "केळिदेनप्पा?" म्हणजे, ऐकलंस ना बाबा?

ऐकलं होतं. सगळं ऐकू येणं हाच तर त्याचा रोग होता. तो येडूला आणि सिदूला म्हणाला, "लोकांनी आपल्याला एकदा समोर ऐकलं की कळेल. खरं काय आहे ते समोर गेल्यावरच कळतं."

तशी संधी मोहोळहून आली. तिथल्या तालीम मंडळाचा अध्यक्ष महिपती हा वस्ताद माणूस, मान आणि डोकं एकाच रुंदीचं. तालमीचं छप्पर उडालं होतं, त्याच्या मदतीसाठी त्याने बाजारच्या पटांगणात थर्ड शिफ्टचा कार्यक्रम ठरवला. तिकिटं आठवडी बाजारात हातोहात खपली. दुपार उतरताना तिघे पोचले, तेव्हा पटांगण भरलं होतं. दाराला दोन पैलवान उभे, स्टेजच्या दोन्ही बाजूंना दोन. पहिल्या रांगेत गावची मानाची माणसं, आणि त्यांच्यामध्ये खुर्ची नको म्हणून जमिनीवरच बसलेली बजाबाई. ती महिपतीची आत्या. तिच्या घरी ग्रामोफोन होता आणि 'भोंगा' तिला पाठ होता.

ईश्वरप्पाने स्वरकाटा कानाला लावला, गिटार लावली, सिदूची लावून घेतली आणि डोळे मिटून सुरू केलं. गाणं नेमकं झालं. मुंबईहूनही नेमकं. कडवं संपलं तेव्हा त्याने डोळे उघडले. पटांगणात एकही माणूस हलत नव्हता.

बजाबाईने शेजारणीला विचारलं, आणि शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं, "ह्येला बरं न्हाय का?"

दुसरं गाणं सुरू केलं. मागून कुणीतरी म्हणालं, "ही ती माणसं न्हाईत." ते वाक्य रांगेरांगेने पुढे आलं आणि स्टेजपाशी पोचेपर्यंत "ही नकली हायत" असं झालं होतं. कुणी म्हणालं, सांगोल्यात पण असंच नकली ऑर्केस्ट्रावाले आले होते. कुणी म्हणालं, खरा गाणारा गोरा आणि उंच आहे, मी फोटो बघितलाय. तबकडीच्या कव्हरवर तिघांचा फोटो पाठमोरा होता.

महिपती स्टेजवर आला. तो सभ्य माणूस होता, त्यामुळे त्याने आधी ईश्वरप्पाच्या हातातली गिटार हळूच बाजूला ठेवली. "पाव्हणं, तुमी नक्की थर्ड शिफ्टच का?"

"नक्की."

"मग रेकॉर्डात म्हणताय तसं का म्हणंना झालाय?"

ईश्वरप्पाला वाटलं, हीच ती वेळ. तो माईकपुढे गेला आणि त्याने गावाला समजावून सांगितलं. रेकॉर्ड चुकलेली आहे, भोक सरकलेलं आहे, तुम्ही आजवर ऐकलं ते गाणं नव्हतंच, ते एका मशीनची चूक होती. आज तुम्ही पहिल्यांदाच खरं ऐकताय. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. बजाबाईने नातवाला घरून तबकडी आणायला पिटाळलं. ती महिपतीच्या हातात आली. त्याने ती डोळ्यासमोर धरली, मग चारी पैलवानांनी आळीपाळीने धरली.

"भोक मधीच हाय की," सगळ्यांत मोठा पैलवान म्हणाला.

"नखाच्या जाडीएवढं सरकलंय. डोळ्याला दिसत नाही."

"दिसत न्हाय ते सरकलंय कसं?"

सगळं पटांगण हसलं. महिपती हसला नाही. तो ईश्वरप्पाच्या कानाशी वाकला. "हे बघा, गाव लई तापलंय. तालमीचं छप्पर ऱ्हाऊ द्या बाजूला, माझी अब्रू जाईल. तुमी खरं असाल तर एकदा तसं म्हणून दाखवा. न्हायतर मला चौकीवर वर्दी द्यावी लागंल."

"मी चुकीचं गाणार नाही," ईश्वरप्पा म्हणाला. "चौकीवर चला."

त्याच्या मनात या क्षणी खरंच तुरुंगाचं चित्र आलं होतं. अंधारी कोठडी, आणि त्यात आपण, एकटे पण सुरात. ते चित्र त्याला वाईट वाटलं नाही.

पण मागून बेस गिटारचा आवाज आला. सिदू. दिवसभरात मोजकं बोलणारा सिदू डाव्या हाताने तार दांड्यावर दाबून ओढत होता, सोडत होता, पुन्हा ओढत होता. सूर वर गेला, खाली आला. थेट तबकडीसारखा. कुंभारीत रोज बायका येऊन बसायच्या, त्यांच्यासाठी त्याने हे कधीच बसवलं होतं. येडूने त्याच्याकडे बघितलं आणि काठ्या उचलल्या, आणि तोही ठेका थोडा पुढे ढकलून, थोडा मागे खेचून वाजवायला लागला. म्हणजे दोघांनी मिळून सराव केला होता. त्याच्या पाठीमागे.

ईश्वरप्पाने वळून बघितलं. सिदूने नजर खाली घातली, पण बोटं थांबवली नाहीत.

पटांगणातून एक उसासा आला. मग डोकी हलायला लागली.

आता ईश्वरप्पापुढे खरी अडचण उभी राहिली. त्याला ठाम उभं राहून सरळ गायचं होतं. त्याने सरळ "भोंगा" म्हटलंही. पण मागची बेस वर गेली आणि त्याचा सूर तिच्याशी भांडायला लागला, आणि सुरांचं भांडण तर त्याला जन्मात सहन झालं नव्हतं. दाढा शिवशिवल्या. कानात कुणी सुई फिरवल्यासारखं झालं. बेस सरळ होईना, मग त्याच्या गळ्याने, त्याला न विचारता, बेस गाठली. ती वर गेली तर हा वर, ती खाली आली तर हा खाली. एक क्षण सूर सुटला की त्याचा जीव कासावीस व्हायचा आणि तो पुन्हा तिला पकडायचा. केसभरही चूक न करता तो झोके घेत होता. दुसरा एखादा गवई असता तर त्याला हे जमलंच नसतं. एवढा तिखट कान असल्याशिवाय एवढं वाकडं गाता येतच नाही.

दुसऱ्या कडव्याला बजाबाई उभी राहिली. सगळं पटांगण एका बाजूला झुकत होतं, दुसऱ्या बाजूला झुकत होतं. स्टेजच्या कडेचे पैलवान हाताची घडी न सोडता डोलत होते, त्यामुळे स्टेजही डोलत होतं. महिपती माईकचा खांब धरून उभा होता. "झोप तुझी रे कुणी पळवली" म्हणताना ईश्वरप्पाचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. तिथं एका बाईच्या मांडीवरचं पोर गाढ झोपलं होतं. त्याला हसू आलं. गाता गाता हसल्यामुळे आवाज आणखी हलला, आणि लोकांना वाटलं, हे आज खास मोहोळसाठी.

'भोंगा' चार-पाच वेळा म्हणावा लागला. शेवटी लोक मोकळ्या आवाजात बरोबर म्हणत होते, प्रत्येक जण आपापल्या पट्टीत. ईश्वरप्पाच्या लक्षात आलं की दाढा शिवशिवत नाहीयेत. घाईत त्याने त्याचा जास्त विचार केला नाही.

संपल्यावर बजाबाई स्टेजपाशी आली. तिने त्याच्या हनुवटीला हात लावून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "आधी घसा बसला व्हता व्हय रे लेकरा? मग सुटला बघ चांगला."

"व्हय आजी," ईश्वरप्पा म्हणाला. "सुटला."

महिपतीने तिघांना नारळ आणि फेटे दिले, आणि पैलवानांनी ड्रम, कर्णा, अँप्लिफायर असं सगळं सामान खांद्यावर टाकून एसटी स्टँडपर्यंत पोचवलं. सोलापूरची गाडी उभीच होती. कंडक्टरने सामान टपावर टाकायला लावलं. दोन्ही गिटारी मात्र त्यांनी मांडीवर घेतल्या.

गाडी निघाली. सिदू आणि येडू एका सीटवर खेटून बसले होते आणि पुढच्या सीटवरच्या ईश्वरप्पाच्या मानेकडे बघत होते. ती मान ताठ होती. वाटेवरचं सावळेश्वर गाव गेलं तरी ती वळली नाही. येडूने सिदूला कोपराने ढोसलं. सिदूने येडूला ढोसलं. शेवटी येडूने घसा साफ केला.

"ईशू, त्याचं काय झालं, की बायका लईच मागं लागल्या. न्हाय म्हणता येईना. आमी तुला सांगणारच व्हतो."

"कधीपासून बसवत होता?"

"झालं असंल पंधरा-वीस दिवस."

"कुठं?"

"आमच्या मागावर. खडखडाटात कुणाला ऐकू जात न्हाय."

ईश्वरप्पा खिडकीकडे वळला. बाहेर ज्वारीची रानं मागं चालली होती, ऊन तिरपं झालं होतं. मग तो सीटवर उलटा वळून बसला, गुडघे टेकून, लहान पोरं बसतात तसा. फेटा अजून डोक्यावरच होता.

"भोंगा जमला," तो म्हणाला. "पण रेशनच्या गाण्यात तार ओढलीस की पुढचा सूर कच्चा लागणार. तिथं काय करतोस?"

सिदूने थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा करतोय का, ते त्याला कळेना. मग त्याने मांडीवरची बेस सरळ धरली. अँप्लिफायर टपावर होता, त्यामुळे आवाज डब्यातल्या माशीसारखा बारीक आला.

"असं," सिदू म्हणाला.

"नाही, चुकतंय. उतरताना तू घाई करतोस. तबकडी घाई करत नाही. पुन्हा घे." आणि त्याने स्वतःची गिटार काढली. येडूने पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर बोटांनी ठेका धरला. ते तिघे तो एकच तुकडा पुन्हा पुन्हा घेऊ लागले, आणि प्रत्येक वेळी ईश्वरप्पा काही ना काही चूक काढू लागला. अजून जरा वाकडं. इतकं नाही. आता बरोबर वाकडं.

कंडक्टर तिकिटांची पेटी सावरत मागे आला. त्याने जरा वेळ उभ्यानेच ऐकलं.

"भोंगावाले का तुमी?"

तिघे थांबले. ईश्वरप्पाने मान हलवली.

"वाटलंच मला," कंडक्टर म्हणाला आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर बसला. "म्हणा की मग. सोलापूर यायला येळ हाय अजून."